मात्सुएचे हेरुन-सान

परदेशी नोकरीच्या करारात शाळेचे नाव, मुदत आणि पगार हे सारे नमूद असते. हिवाळ्यात अंथरूण धरले तर उशाशी पाण्याचा तांब्या कोण ठेवील, बाजारात मीठ मागताना कोणता शब्द वापरावा आणि उद्या आपण गेलो तर मागे राहिलेल्यांचे काय, या बाबी मात्र कोणत्याही कलमात येत नाहीत. १८९०च्या ऑगस्टअखेरीस जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील मात्सुए या गावी जे इंग्रजीचे शिक्षक दाखल झाले, त्यांच्या पुढील चौदा वर्षांच्या संसाराचा बराचसा भाग अशाच न लिहिलेल्या कलमांनी व्यापलेला होता.

त्यांचे नाव लाफ्काडिओ हर्न. आई ग्रीक, वडील ब्रिटिश सैन्यातील आयरिश डॉक्टर. जन्म १८५० साली ग्रीसजवळच्या लेफ्काडा बेटावर, बालपण डब्लिनमध्ये आईवडिलांपासून दूर, एका वृद्ध आत्याआजीच्या आश्रयाने. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना डावा डोळा गेला आणि उजव्यालाही जवळचेच दिसे. एकोणिसाव्या वर्षी रिकाम्या खिशाने अमेरिका, तेथे वीस वर्षे वृत्तपत्रांतील लिखाण आणि मग एका नियतकालिकासाठी लेख लिहिण्याच्या निमित्ताने जपान. योकोहामाला उतरल्यावर थोड्याच दिवसांत प्रकाशकाशी बिनसले. हाती काम नाही, जवळ पुरेसा पैसा नाही, अशा वेळी टोकियोतील इंग्रज विद्वान बेसिल हॉल चेंबरलेन यांच्या खटपटीने शिमाने प्रांतातील सरकारी माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयात वर्षभराची नेमणूक मिळाली. पगार दरमहा १०० येन. त्या गावाच्या मानाने ही रक्कम मोठीच होती.

नेमणुकीच्या कागदात त्यांचे आडनाव जपानी लिपीत उतरवताना ‘हेरुन’ असे झाले. गावाने तोच उच्चार उचलला आणि त्यांनीही दुरुस्ती सुचवली नाही. मात्सुएत ते ‘हेरुन-सान’ झाले.

पहिल्या दिवसांतील त्यांच्या नोंदी वाचताना गाव डोळ्यांपुढे उभे राहते. पहाटे प्रथम ऐकू येई तो भात सडणाऱ्या जड मुसळाचा ठोका, मग देवळाची घंटा, मग मुळे विकणाऱ्यांची आरोळी. नदीकाठी माणसे तोंड धुऊन उगवत्या सूर्याकडे वळत आणि टाळी वाजवून नमस्कार करीत. कोकणातल्या किंवा घाटावरच्या जुन्या पिढीतील वाचकाला यात परके असे फारसे वाटणार नाही. हर्न यांना मात्र सगळेच नवे होते आणि जपानी भाषा येत नव्हती.

शाळेत सुमारे तीनशे मुले. वर्गात शिरताच सारी उठून वाकून नमस्कार करीत. निशिदा सेन्तारो हे तेथील ज्येष्ठ शिक्षक त्यांच्या मदतीस धावले. वर्गांची ओळख, वरिष्ठांशी बोलणे, घर शोधणे, इतकेच काय, गैरसमज झाल्यास तो निस्तरणे, हे सारे निशिदांनी केले. परक्या गावात जाणाऱ्या प्रत्येकाला असा एक निशिदा भेटला तर निम्मे काम होते. हर्न फळ्यावर लिहून, चित्रे काढून शिकवीत आणि मुलांना निबंध लिहायला देत. त्या मोडक्या इंग्रजीतील निबंधांतून मुलांच्या मनातले जे दिसे, ते त्यांनी प्रेमाने टिपून ठेवले. संध्याकाळी मुले घरी येत, गप्प बसत, एखादे जुने चित्र किंवा फूल दाखवायला आणत.

त्यांपैकी योकोगी नावाचा सुताराचा हुशार मुलगा आजारी पडला आणि वाचणार नाही हे स्पष्ट झाले. शाळा पुन्हा एकदा पाहावी, एवढीच त्याची इच्छा होती. घरातील वृद्ध गड्याने त्याला थंडीच्या रात्री पाठीवर घेऊन शाळेपर्यंत नेले आणि त्याच्या वर्गाची खिडकी दाखवून परत आणले. हर्न यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे आणि ती लिहिताना स्वतःचे दुःख जवळजवळ दिसू दिलेले नाही.

पहिला हिवाळा कठीण गेला. न्यू ऑर्लिन्स आणि मार्तिनिक यांच्या उष्ण हवेला सरावलेला हा माणूस कागदी सरकत्या दारांच्या घरात, निखाऱ्यांच्या लहानशा शेगडीवर हात शेकत बसला आणि अखेर आजारी पडला. १८९१च्या प्रारंभी घरकामासाठी आणि शुश्रूषेसाठी कोइझुमी सेत्सु त्यांच्याकडे आल्या. सामुराई सरदारांच्या राजवटीबरोबर त्यांच्या घराण्याची मिळकतही लयाला गेली होती. पहिला विवाह मोडला होता आणि कुटुंबाचा भार अंगावर होता. पुढे या दोघांचा संसार झाला.

भाषेचा प्रश्न त्यांनी आपल्या परीने सोडवला. क्रियापदांची रूपे सोडून, विभक्ती गाळून दोघांनी आपापसांत एक जपानी घडवली. तिला घरात ‘हेरुन-सानची भाषा’ म्हणत. सेत्सु इंग्रजी शब्दांचे उच्चार जपानी लिपीत वहीत उतरवून पाठ करीत. रात्री दिवा मंद करून त्या जुन्या कथा सांगत. हर्न यांचा आग्रह असे की पुस्तक समोर नको, तुमच्या शब्दांत सांगा. १९०४ साली प्रसिद्ध झालेला ‘क्वायदान’ हा कथासंग्रह पुष्कळ अंशी अशा बैठकींतून आला आहे.

सेत्सु यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत स्वभावाचे बारकावे सापडतात. पहिल्या खानावळीच्या मालकाच्या लहान मुलीचे डोळे दुखत होते आणि बाप वैद्याकडे नेईना. एका डोळ्याने अधू असलेल्या हर्न यांना हे सहन झाले नाही. त्यांनी तिच्या उपचारांची सोय केली आणि ती खानावळ सोडली. मुलांनी पाण्यात बुचकळून काढलेले मांजराचे पिल्लू त्यांनी कुडकुडत असताना छातीशी धरले. बागेत साप आला की बेडकांना त्याने धरू नये म्हणून आपल्या ताटातले त्याला घालत. हा माणूस शाकाहारी मात्र नव्हता. काही महिने जपानी जेवणावर काढल्यावर प्रकृती ढासळली आणि ते पुन्हा मांसाहाराकडे वळले, हे त्यांनीच मित्राला पत्रात कबूल केले आहे. चरित्र सांगताना सोयीचे तेवढेच सांगणे बरे नव्हे.

१८९१च्या नोव्हेंबरात थंडीला कंटाळून आणि २०० येन पगारावर ते दक्षिणेकडील कुमामोतोच्या महाविद्यालयात गेले. तेथील प्राचार्य होते ज्यूदोचे जनक कानो जिगोरो. पगार दुप्पट झाला, पण सेत्सु यांच्या माहेरची मंडळी धरून घरात दहा-बारा तोंडे झाली. आणि १८९३च्या नोव्हेंबरात पहिला मुलगा काझुओ जन्मला.

येथे खरा पेच उभा राहिला. हर्न हे ब्रिटिश प्रजाजन. विवाह ब्रिटिश कायद्याने नोंदवला तर सेत्सु आणि मूल परदेशी ठरणार आणि परदेशी माणसाला त्या काळी जपानच्या अंतर्भागात जमीन धारण करता येत नव्हती. नोंदवला नाही तर हर्न यांच्या पश्चात त्यांच्या मिळकतीवर पत्नी आणि मुलाचा हक्क टिकेल याची शाश्वती नव्हती. वारसाहक्काच्या कागदांशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांना या पेचाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. तिसरा मार्ग एकच होता. १८९६च्या फेब्रुवारीत हर्न स्वतःच पत्नीच्या घराण्यात दाखल झाले आणि कोइझुमी याकुमो या नावाने जपानी नागरिक बनले. ‘याकुमो’ म्हणजे आठ पदरी ढग, मात्सुएच्या परिसरातील इझुमो प्रांताशी जोडलेला प्राचीन शब्द.

यात जोखीम होती. परदेशी शिक्षकाला मिळणारा पगार जपानी शिक्षकाच्या कितीतरी पट असे. नागरिकत्व घेतले की तो भाव राहील का, ही चिंता त्यांच्या पत्रांतून डोकावते. त्याच वर्षी टोकियोच्या शाही विद्यापीठात दरमहा ४०० येनांवर नेमणूक मिळाली आणि काही वर्षे ही चिंता मागे पडली. घरात तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. सकाळी विद्यापीठात जाण्यापूर्वी ते काझुओला जुन्या वर्तमानपत्रांवर ब्रशने मोठी अक्षरे काढून इंग्रजी शिकवीत.

१९०३च्या जानेवारीत मार्चअखेर सेवा संपत असल्याचे पत्र आले. विद्यार्थी खवळले, त्यांनी शिष्टमंडळे पाठवली. मग तास कमी आणि वेतनही कमी, असा प्रस्ताव आला. तो त्यांनी नाकारला. त्यांच्या जागी आलेल्या जपानी व्याख्यात्यांत इंग्लंडहून नुकतेच परतलेले नात्सुमे सोसेकी होते. त्यांचे वार्षिक वेतन ८०० येन, म्हणजे हर्न यांची दोन महिन्यांची कमाई. हर्न यांच्यावर अन्याय झाला असे त्यांच्या चाहत्यांना वाटले आणि ते स्वाभाविक होते. पण विद्यापीठाच्या खतावणीकडे पाहिले तर दुसरी बाजूही दिसते. परदेशी शिक्षकांनी घडवलेली पहिली पिढी आता शिकवण्यास तयार झाली होती.

१९०४ मध्ये वासेदा येथे शिकवण्याचे काम मिळाले. त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी हृदयविकाराने टोकियोतील घरी त्यांचे निधन झाले. वय ५४. घर आणि पुस्तकांचे उत्पन्न सेत्सु व मुलांकडे बिनतक्रार गेले. आठ वर्षांपूर्वी कागदावर बदललेल्या नावाचे काम येथे पूर्ण झाले. सेत्सु त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९३२ साली गेल्या.

मात्सुएच्या किल्ल्याच्या खंदकालगतचे त्यांचे भाड्याचे घर बागेसह आजही जपलेले आहे. शेजारच्या संग्रहालयात त्यांचे लिहिण्याचे टेबल आहे. ते नेहमीपेक्षा बरेच उंच आहे, कारण कागद उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ यावा लागे. आणि गावातील माणसे त्यांना अजूनही त्याच चुकलेल्या उच्चाराने हेरुन-सान म्हणतात.