कुंडीतला देवचाफा

चाफ्याचे फूल फांदीच्या शेंड्यालाच येते. जास्वंदीसारखे ते पानांच्या बेचक्यांत उमलत नाही. शेंड्याची वाढ एका टप्प्यावर थांबते, तिथून कळ्यांचा तुरा निघतो आणि त्या फांदीची लांबी तिथेच संपते. मग तुऱ्याच्या खालून दोन-तीन नवे फुटवे येतात; ते पक्के झाले की त्यांच्याही शेंड्यांवर तुरे धरतात. झाडाचा तो दुबेळक्यादुबेळक्यांचा आकार असाच घडतो. कुंडी आटोपशीर दिसावी म्हणून जून महिन्यात कुणी शेंडे छाटले, तर त्या फांद्यांची त्या हंगामातली फुले छाटल्यासारखेच होते. छाटणी करायचीच तर झाड निष्पर्ण असताना करावी आणि छाटलेल्या फांद्यांकडून त्या वर्षी फुलांची आशा धरू नये.

मराठीत चाफा हे नाव फार उदारपणे वाटलेले आहे. सोनचाफा आणि कवठी चाफा मॅग्नोलियाचे भाऊबंद, हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या. देवचाफा किंवा खुरचाफा यांपैकी कुणाचाच नातलग नाही. तो कण्हेर-सदाफुलीच्या घराण्यातला. पान खुडले की पांढरा चीक टपकतो तो त्यामुळेच. हा चीक त्वचेला झोंबू शकतो, डोळ्यात जाता कामा नये. देवचाफ्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. देवळांच्या आवारात हा इतका रुळला आहे की तो मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडून आला हे सांगूनही खरे वाटत नाही. पण कुंडीत त्याला वाढवताना हे मूळ गाव आठवणे उपयोगाचे आहे. तिकडे पावसाळा आणि कोरडा काळ वेगवेगळे असतात. कोरड्या दिवसांत झाड पाने टाकून देते आणि जाड, मांसल फांद्यांतल्या साठ्यावर तग धरते.

महाराष्ट्रात ही पानगळ साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होते. नेमकी इथेच माणसे घाबरतात. पाने गळू लागली म्हणून पाणी वाढवतात, आणि पाने नसलेल्या झाडाला ते पाणी वापरता येत नाही. माती ओली राहते, मुळे कुजतात, कूज खोडात चढते. खोड बोटाने दाबल्यावर मऊ लागले, की कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढावा लागतो. या दोन-तीन महिन्यांत पाणी जवळजवळ बंदच ठेवावे. शेंड्यांवर नव्या पानांची टोके दिसली, की हळूहळू सुरू करावे. भर उन्हाळ्यात मात्र वाढीला लागलेल्या झाडाला पाणी भरपूर लागते.

फुले न येण्याचे सर्वांत मोठे कारण ऊन. रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. ‘भरपूर उजेड’ पुरत नाही. सावलीतल्या चाफ्याला मोठी, गडद पाने येतात, फांद्या लांबट होतात आणि तुरे येत नाहीत. गच्चीवर प्रश्नच नाही. अडचण होते ती सदनिकेच्या गॅलरीत, त्यातही दक्षिणेकडच्या. हिवाळ्यात तिथे ऊन आतपर्यंत येते, म्हणून जागा उत्तम वाटते. पण मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, आणि वर स्लॅब असला तर दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा जेमतेम ऊन पोचते. चाफा विश्रांती घेत असताना ऊन आणि वाढत असताना सावली, असा उलटा हिशेब होतो. पश्चिमेची गॅलरी त्यापेक्षा बरी.

मातीचे काम पाणी धरण्यापेक्षा ते सोडण्याचे आहे. देशावरची काळी माती एकटी वापरू नये. लाल माती, जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि थोडे कुजलेले शेणखत हे मिश्रण चालते. कुंडीचे भोक खापरीने झाकावे, बुजवू नये. फार मोठी कुंडी घेण्याचा मोहही टाळावा, कारण मुळे पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

खताच्या बाबतीत अतिलाड नडतो. युरियासारख्या नत्रयुक्त खताने झाड पानांनी डवरते, पण फुलांचे नाव नाही. त्यावर उपाय म्हणून स्फुरदाचा मारा करण्याची पद्धत आहे. तिचाही फारसा लाभ नाही, कारण मातीत स्फुरद सहसा पुरेसे असते. मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा थोडे संतुलित खत पुरे.

रोप कसे तयार झाले यावरही बरेच अवलंबून असते. बियांच्या रोपाला फुलायला तीन-चार वर्षे किंवा अधिकही लागतात आणि फुले आईसारखीच येतील असे नाही. म्हणून फांदी लावणे बरे. हिरवी कोवळी नको, राखाडी साल धरलेली, हात-दीड हात लांब घ्यावी. कापल्यावर आठ-पंधरा दिवस सावलीत पडू द्यावी. कापलेली बाजू सुकून कडक झाली की मगच मातीत खोचावी. पाने फुटेपर्यंत पाणी अगदी बेताने. अशी फांदी कधी कधी मुळे धरण्याआधीच फुलते. तो तुरा साठ्यातल्या ताकदीवर येतो, म्हणून खुडून टाकलेला चांगला.

कळ्या धरून गळत असतील तर भिंगाने पाहावे: फुलकिडे किंवा लाल कोळी असू शकतात. पाण्याचा जोराचा फवारा आणि निंबोळी तेल यांनी दोन्ही आटोक्यात येतात. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसते, बोटाला लागते, हा तांबेरा. त्याने झाड मरत नाही, पाने लवकर गळतात इतकेच. मात्र गळलेली पाने कुंडीत पडू देऊ नयेत, नाहीतर त्यांवरचे बीजाणू वाऱ्याने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी इतर पानांवर जातात.