धरून ठेवायला हातच लागतो असं नाही

आमच्या वस्तीतले एक काका तीस वर्षं फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये कामाला होते. लग्नाचे, नामकरणाचे रोल धुवायचे, कॉप्या काढायच्या. हायपोच्या वासातच त्यांचा उभा जन्म गेला. डिजिटल कॅमेरे आले आणि मालकाने स्टुडिओ बंद केला. तेव्हा पगाराच्या बाकीपोटी काकांनी जुना एन्लार्जर, ट्रे आणि निगेटिव्हची एक पत्र्याची पेटी घरी आणली. साठीला टेकले आणि लकवा मारला. बोलणं परत आलं, पाय काठीवर सावरला, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला.

मी भेटायला गेले तेव्हा सूनबाई त्यांना घास भरवत होती. डावा हात धडधाकट होता. मी म्हटलं, "काका, डाव्या हाताने जेवा की." ते म्हणाले, "ताई, आता काय राहिलंय? माझं कामच दोन हातांचं."

ते वाक्य मला लागलं. मी परिचारिका म्हणून बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत. लकव्याच्या पेशंटला घरी सोडताना बीपीच्या गोळ्या, कमी मीठ, कूस बदलणं, सगळं सांगायचे. पण "तुम्ही काम काय करता?" हा प्रश्न मी फार थोड्या जणांना विचारला. ज्याचं कामच गेलं, तो माणूस गोळ्या तरी कशासाठी घेईल? म्हणून हा लेख.

दुसरा हात नक्की काय करतो?

भाकरी थापताना, सुई ओवताना, बाटली उघडताना आपल्या दोन्ही हातांकडे नीट बघा. एक हात काम करतो. दुसरा बहुतेक वेळा फक्त धरून ठेवतो. आणि धरून ठेवायला हातच लागतो असं नाही. पाटावरचे खिळे, ओलं फडकं, चिमटा, वजन, गुडघे, टेबलाची कड यांपैकी कुणीही ते काम करू शकतं. काकांबरोबर आम्ही हेच केलं. डार्करूमचं एकेक काम कागदावर लिहिलं आणि प्रत्येकापुढे विचारलं, इथे दुसरा हात काय करतो?

एका हाताचा फोटोग्राफर

हे काम एका हाताने करणारा एक मोठा माणूस होऊन गेला आहे. योसेफ सुदेक, जन्म १८९६, आजच्या चेक देशातला. त्याने पुस्तकबांधणीचं काम शिकलं होतं. पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात जावं लागलं आणि १९१६ मध्ये इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला. जखम चिघळली, उजवा हात खांद्यापासून कापावा लागला. पुस्तकबांधणी संपली. तो फोटोग्राफी शिकला आणि प्रागच्या अपंग सैनिकांच्या आश्रमातल्या आपल्यासारख्याच माणसांचे त्याने फोटो काढले.

१९२६ मध्ये तो वाद्यवृंदातल्या मित्रांबरोबर इटलीला गेला आणि मध्येच त्यांना सोडून निघाला. जिथे गोळा लागला ती जागा शोधत फिरला. जागा सापडली, हात कुठून सापडणार? दोन महिन्यांनी तो प्रागला परतला. गेलेल्या अवयवाचं दुःख दहा वर्षांनीही असं वर येतं. त्याला वेडेपणा म्हणू नये, घरच्यांनी ते ऐकून घ्यावं.

त्यानंतर सुदेकने पन्नास वर्षं काम केलं. तेही हलक्या कॅमेऱ्याने नाही, तर तिकाटण्यावरच्या जड लाकडी कॅमेऱ्यांनी. एका जुन्या रुंद फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने त्याने प्राग शहर टिपलं, त्याचं पुस्तक १९५९ मध्ये निघालं. १९४० पासून तो मुख्यतः कॉन्टॅक्ट प्रिंट काढू लागला, म्हणजे एन्लार्जर न वापरता निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली कॉपी. १९७६ मध्ये तो वारला.

दोन गोष्टी विसरू नका. त्याला अपंग सैनिकाचं पेन्शन मिळत होतं, आणि त्याच्याजवळ मदतनीस असत. एका हाताने काम करणं म्हणजे एकट्याने काम करणं नव्हे.

आधी सोपं, मग अवघड

काकांना ही गोष्ट सांगितली, पण खरं कारण वेगळंच घडलं. शेजारच्या आजी आल्या. त्यांच्या नवऱ्याचा एकही फोटो घरात उरला नव्हता. निगेटिव्ह काकांच्या पेटीत होती. नातू म्हणाला, मोबाईलवर काढून देतो. काका म्हणाले, "मी काढून देतो."

कागदावर कॉपी काढायचं काम लाल दिव्यात होतं, डोळ्यांना दिसतं. म्हणून सुरुवात तिथून. तीही कॉन्टॅक्ट प्रिंटपासून. एका पाटावर दोन लाकडी पट्ट्या काटकोनात ठोकल्या. कागद सरकवून त्या कोपऱ्यात टेकवायचा, वर निगेटिव्ह, वर जाड काच. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावली, म्हणजे बोट कापणार नाही. काचेचं वजनच दुसरा हात झालं.

ट्रेखाली ओली फडकी घातली, त्यामुळे ते सरकत नाहीत. तिन्ही ट्रे चांगल्या बाजूला एका ओळीत ठेवले: डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो. प्रत्येकाला वेगळा चिमटा. डेव्हलपर आणि हायपो आधीच अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरून ठेवले, कारण पाच लिटरचा कॅन एका हाताने तिरपा करणं म्हणजे सांडणंच. बाटली उघडताना ती घट्ट बसेल अशा भोकाच्या फळीत ठेवायची.

पहिल्या दिवशी एक ट्रे सांडला आणि अर्धं पाकीट कागद उजेडाने काळा झाला, कारण पाकीट बंद करायचं राहिलं. नंतर कागद झाकणाच्या खोक्यात ठेवू लागलो, सोडलं की झाकण आपोआप पडतं. तिसऱ्या दिवशी छोट्या चौकोनी कागदावर आजोबांचा चेहरा हळूहळू वर आला. कॉपी जरा तिरकी होती. आजींनी ती पदराला पुसून घेतली. दुसऱ्या दिवसापासून काका स्वतःच्या हाताने जेवायला लागले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

पुढे एन्लार्जर काढला. चेहऱ्यावरचा उजेड पुठ्ठ्याने अडवायचा तर हात पुठ्ठ्याला लागतो, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून पायाने दाबायचा स्विच बसवून घेतला. तो चांगल्या पायाखाली, आणि बसूनच.

रोल धुणं

हे अवघड, कारण फिल्म पूर्ण अंधारात चकरीवर चढवावी लागते. तिथे लाल दिवाही चालत नाही. आमच्या उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते.

रोल गुंडाळताना शेपूट आत जाऊ द्यायचं नाही. शेपूट बाहेर असलं की डबी फोडावी लागत नाही आणि चकरीवर पहिली सुरुवात उजेडातच करता येते. शेपटाचे कोपरे गोल कापायचे, म्हणजे फिल्म अडकत नाही. कापायला शिंप्याची दोरे कापायची दाबकात्री बरी, साधी कात्री डाव्या हाताला नीट चालत नाही.

प्लॅस्टिकची चकरी दोन्ही हातांनी पुढेमागे फिरवायची असते. आम्ही पाटावर खिळे ठोकून खालची तबकडी त्यांत अडकवली आणि वरची एका हाताने फिरवली. चकरी कोरडी ठणठणीत हवी, ओल असेल तर फिल्म चिकटते. काळ्या पिशवीला दोन बाह्या असतात. रिकामी बाही दोनदा दुमडून तिला चिमटे लावायचे, नाहीतर तिथूनच उजेड शिरतो.

टाकाऊ फिल्मवर आधी उजेडात सराव, मग डोळे मिटून, मग पिशवीत. काकांना आठवडा लागला. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी उजेडातच भरता येणाऱ्या टाक्याही निघाल्या आहेत. आगफा कंपनीची जुनी रोंडिनॅक्स ही त्यातली. तिच्यात मूठ फिरवली की फिल्म आतल्या आत चकरीवर जाते.

टाकी उलटीसुलटी करण्याऐवजी आतली दांडी फिरवायची, ते एका बोटाने होतं. डेव्हलपर साधारण २० अंशावर लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं. बर्फ पिशवीत बांधून बाहेरच्या पातेल्यात ठेवायचा, डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही.

आणि कॅमेरा?

बहुतेक कॅमेऱ्यांचं बटण उजव्या हाताला असतं. उजवा हात गेलेल्याला तिकाटणं आणि बटणाला लावायची केबल एवढ्यानेही काम होतं. जर्मनीतला एक्झाक्टा हा कॅमेरा मात्र १९३६ पासूनच बटण आणि फिल्म ओढायचा खटका डावीकडे घेऊन आला होता. पुढे यशिकाने सामुराई कॅमेऱ्याचा खास डाव्या हाताचा प्रकार काढला. फिल्म आपोआप ओढणारा मोटारीचा कॅमेरा असेल तर निम्मं काम कमी होतं. जुन्या स्टुडिओंतला वरून बघायचा यशिका तिकाटण्यावर ठेवला, की फोकस, बटण, खटका ही कामं एकामागून एक एकाच हाताने करता येतात. वेळ लागतो, पण समोर बसलेला माणूस कुठे पळून जात नाही.

तब्येतीची काळजी

* सुदेक कधी कधी दातांची मदत घ्यायचा. तुम्ही घेऊ नका. चिमटा, झाकण, फिल्म, काहीही दातात धरू नका, औषध पोटात जातं.
* लकव्याच्या हाताला कधी कधी जाणीव नसते. त्यावर डेव्हलपर सांडला तरी कळत नाही. काम झालं की दोन्ही हात धुवा आणि डोळ्यांनी तपासा. डेव्हलपरमधल्या मेटॉलने काहींच्या हाताला खाज, पुरळ येते. तसं झालं तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा.
* अधू हात लोंबकळत ठेवू नका आणि कुणी तो ओढून उठवू नये, खांदा निखळतो. तो टेबलावर ठेवा, जमेल तसा वजन म्हणून वापरा.
* चांगला हात आता दोघांचं काम करतो. मनगट, खांदा दुखायच्या आधीच विश्रांती द्या.
* अंधारात तोल जातो. खुर्ची स्थिर हवी, जमिनीवर वायर आणि पाणी नको. खिडकीला काळा कागद लावला तरी हवा खेळती ठेवा. दमा असलेल्यांना हायपोचा वास सोसत नाही.
* कोणतंही औषध थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. घरातली मुलं पितात. वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो नाल्यात न ओतता चांदी काढणाऱ्याला द्या.

एक आठवण. अचानक तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. उद्या बघू म्हटलं की हात जातो.

घरच्यांसाठी

सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीबरोबर ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे का ते विचारा. रोजची कामं नव्याने कशी करायची हे शिकवणं हेच त्यांचं काम. तिथे पेशंटचा धंदा काय ते आवर्जून सांगा, जमलं तर हत्यारं सोबत न्या. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या सवलती मिळतात, म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या.

फिल्म आता महाग झाली आहे. काकांचं त्यावर घर चालणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण महिन्यातून दोन-चार जण जुन्या निगेटिव्ह घेऊन येतात आणि काका त्यांना वेळ देतात. आपल्या घरात कुणी शिंपी असेल, कुणी गवंडी, कुणी भाजी विकणारी. तिचा किंवा त्याचा हात गेला, तर घास भरवायच्या आधी जवळ बसा. एकेक काम कागदावर लिहा आणि विचारा, इथे दुसरा हात काय करतो? निम्म्याहून जास्त ठिकाणी उत्तर येईल, नुसता धरून ठेवतो. तेवढं करायला एक पाट, चार खिळे आणि एक ओलं फडकं पुरतं.