पार्लरच्या दारात नोटीस आली तर

"तुमचं लायसन्सच रद्द करायला लावते, बघा!" रंग लावल्यावर केस गळायला लागले, फेशियलनंतर चेहरा लाल झाला, की हे वाक्य हमखास येतं आणि पार्लरवाल्या ताईच्या पोटात गोळा उठतो. बोलणारीलाही वाटतं आणि ऐकणारीलाही, की कुठेतरी सरकारी मंडळ बसलेलं आहे आणि ते पार्लरवाल्यांना शिक्षा करतं.

असं मंडळ भारतात नाही. डॉक्टरांची नोंदणी वैद्यकीय परिषद करते, वकिलांची बार कौन्सिल. ब्युटीशियनची नोंदणी ठेवणारी, तिची सनद काढून घेणारी तशी कायदेशीर परिषद नाही. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स असो की खाजगी क्लासचं प्रमाणपत्र, भिंतीवरची ती फ्रेम शिक्षणाचा पुरावा आहे, परवाना नव्हे. जे दिलेलंच नाही, ते काढून कोण घेणार?

अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक राज्यात या धंद्याचे परवाने आहेत आणि मंडळापुढे सुनावण्या होतात. नुसत्या दोऱ्याने भुवया कोरणाऱ्यांनाही टेक्सास राज्याने 750 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं आणि परवाना नाही म्हणून दंड लावले होते. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत चालणारं हे काम करणारी, बरीचशी भारतीय वंशाची माणसं कोर्टात गेली. 26 जून 2015 ला टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. 750 पैकी 320 तासांपर्यंतच्या शिक्षणाचा दोऱ्याच्या कामाशी संबंधच नव्हता. लग्न होऊन तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलींनी एवढं लक्षात ठेवावं, की इथला अनुभव कितीही असला तरी तिथे आधी त्या राज्याचा नियम बघावा लागतो.

मग आपल्याकडे, शिर्डीत, पार्लर चालवायला काय लागतं? लोक ज्याला "शॉप अ‍ॅक्ट" म्हणतात तो महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 चा. मूळ कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपायची. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 कामगारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली तर जीएसटी. यातला कुठलाही कागद तुमच्या हाताच्या कौशल्याची परीक्षा घेत नाही.

"मग कोणी काही करू शकत नाही," हा दुसरा गैरसमज. माझ्या मते पहिल्यापेक्षा हाच जास्त घातक. मंडळ नाही म्हणून जबाबदारी नाही असं नसतं. ती वेगवेगळ्या दारांनी येते. त्यातलं सगळ्यात मोठं दार ग्राहक आयोगाचं.

इथे शिर्डीची गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्या पार्लरमध्ये, हॉटेलांतल्या स्पामध्ये येणारी बाई अनेकदा दर्शनाला आलेली असते. सकाळी आरती, दुपारी हेअर स्पा, रात्री परतीची गाडी. त्रास झाला तर तो घरी पोहोचल्यावर कळतो. "ती आता कशाला येते नगरला केस लढवायला?" असं इथे सहज म्हटलं जातं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे हैदराबादच्या बाईची नोटीस हैदराबादच्या जिल्हा आयोगाकडूनच शिर्डीला येऊ शकते. घटनेपासून दोन वर्षांपर्यंत.

अशी नोटीस हातात पडली, की लांबचा गाव आणि परकी भाषा बघून ती ड्रॉवरमध्ये टाकली जाते. हीच चूक सगळ्यात महाग पडते. लेखी उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात, आयोगाने दिले तर आणखी 15. त्यापुढे एकही दिवस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 ला पक्कं केलं. उत्तर नसेल तर समोरचीचं म्हणणं आणि तिचेच पुरावे बघून एकतर्फी निकाल लागतो. म्हणून पाकीट मिळालं त्याच दिवशी त्यावर तारीख लिहा. दर तारखेला हैदराबाद गाठलंच पाहिजे असं नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणीसाठी अर्ज करता येतो. वकील लावणंही सक्तीचं नाही. निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगात 45 दिवसांत अपील होतं, पण त्याआधी निम्मी रक्कम भरावी लागते.

"केस कापले म्हणून दोन कोटी द्यावे लागतात," हेही ऐकू येतं. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या सलूनचं ते प्रकरण. केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले म्हणून राष्ट्रीय आयोगाने सप्टेंबर 2021 मध्ये दोन कोटी रुपये भरपाई मंजूर केली. त्या बातमीने देशभरातल्या पार्लरवाल्यांची झोप उडवली. पुढची बातमी मात्र कमी लोकांपर्यंत पोहोचली. 7 फेब्रुवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सेवेत कसूर झाली हा निष्कर्ष तसाच ठेवला, पण दोन कोटींचा आकडा बाजूला सारून प्रकरण पुन्हा आयोगाकडे पाठवलं. भरपाई मागितली म्हणून मिळत नाही, नुकसानीचा पुरावा लागतो, हे त्यातलं सूत्र. वाद त्यानंतरही चालू राहिला. पण आपल्या ताईने घ्यायचं ते एवढंच, की तक्रारदाराला पुरावा द्यावा लागतो आणि तिच्या पुराव्याला उत्तर म्हणून आपल्याकडेही काहीतरी असावं लागतं.

ते "काहीतरी" नोटीस आल्यावर तयार करता येत नाही. हेअर कलरच्या बऱ्याच डब्यांवर 48 तास आधी कानामागे किंवा कोपरावर थोडासा लावून बघा, असं छापलेलं असतं. शिर्डीत दोन दिवसांसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगणं अवघड, गुरुवारच्या आणि रामनवमीच्या गर्दीत तर फारच अवघड, हे मला मान्य आहे. तरीही तिला विचारलं का, तिने नको म्हटलं का, हे वहीत तारखेसह लिहून सही घेतलेली असेल तर ते पान बोलतं. आधीचा आणि नंतरचा फोटो, डब्याचा बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, माल घेतल्याचं बिल हेही त्याच वहीत. मालच सदोष निघाला तर कायद्यात उत्पादकाचीही जबाबदारी आहे. पण डबा फेकलेला आणि माल बिनबिलाचा असेल तर बोट कोणाकडे दाखवणार?

"फॉर्मवर सही घेतली, 'काही झाल्यास पार्लर जबाबदार नाही' लिहिलं, विषय संपला." नाही संपत. सहीने धोका सांगितल्याचं सिद्ध होतं, निष्काळजीपणा माफ होत नाही. आणि पावती न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. टॅक्सच्या भीतीने पावती टाळणारी ताई आपल्याच हाताने आपला पुरावा कमी करते.

पोलिसांचं नाव निघालं की घरातले सगळे घाबरतात. निष्काळजीपणाने इजा झाल्याचा गुन्हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली येतो. गंभीर इजा असेल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण अशा तक्रारीत साधारणपणे आधी हजर राहण्याची लेखी नोटीस येते. ती अटक नव्हे. नोटीस पाळत राहिलात तर अटकेची कारणं पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. स्पा चालवणाऱ्यांनी आणखी एक माहीत ठेवावं: अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली देवस्थानापासून 200 मीटरच्या आतली जागा सील करायची तर दंडाधिकारी सात दिवसांत कारण दाखवण्याची नोटीस देतात. जुन्या शिर्डीचा बराच भाग त्या अंतरात बसतो. त्या सात दिवसांत भाडेकरार, कामगारांची ओळखपत्रं, नोंदवही घेऊन जाता आलं पाहिजे.

एका ठिकाणी मात्र बचाव फार कठीण आहे, आणि ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. सुई. बोटॉक्स, फिलर, गोरं होण्याची इंजेक्शनं हे पार्लरचं काम नाही. एखाद्या शिबिरात शिकून आल्याने ते होत नाही. नोंदणी नसताना वैद्यकी केली तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा 2019 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टिरॉइड असलेली मलमं "गोरेपणाची क्रीम" म्हणून डबीत भरून देणं म्हणजे विनापरवाना औषधविक्री. तिथे अन्न व औषध प्रशासनाचा औषध निरीक्षक येतो. इथे मी पार्लरवाल्या ताईच्या बाजूने नाही, त्या चेहऱ्याच्या बाजूने आहे.

"असोसिएशनने काढलं तर धंदा बंद," असंही मानतात. मुंबईच्या सिनेमातल्या मेकअप आणि हेअरड्रेसरांच्या संघटनेने बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच नाकारलं होतं. बाईने केस बांधायचे, मेकअप पुरुषाने करायचा. शिकून आलेल्या चारू खुराना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 10 नोव्हेंबर 2014 ला तो नियम, राज्यात पाच वर्षं राहण्याच्या अटीसकट, रद्द झाला. गावातली संघटना दर ठरवते, बैठका घेते, अडीअडचणीला धावते, हे चांगलंच. पण तुमचं पोट भरण्याचा हक्क तिच्या रजिस्टरमध्ये नाही.

राहिला वकिलाच्या फीचा प्रश्न. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे आणि ग्राहक आयोगही त्यात धरला जातो. राहात्याच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो किंवा 15100 वर फोन. जाताना नोटीस, तिचं पाकीट आणि ती वही बरोबर घ्या.