शुष्क घट आणि समुद्रावरील बिनतारी यंत्र

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाहीं. येथील वैनगंगेचें पाणीसुद्धां प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें दूर बंगालच्या उपसागरास जाऊन मिळतें. तरीहि कयाक नांवाची चिंचोळी होडी समुद्रांत वल्हविणाऱ्या माणसाशीं या जिल्ह्याचा संबंध पोंचतो. तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग येथील खाणींत मँगॅनीज डायऑक्साइडचें खनिज निघतें, व तें विजेचे शुष्क घट करण्याच्या कामीं येतें.

अशा घटाचा मूळ नमुना लेक्लांशे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८६६ सालीं सिद्ध केला. जस्त विद्युत्कण सोडतें, मँगॅनीज डायऑक्साइड ते घेतें, आणि सुमारें दीड व्होल्टचा दाब मिळतो. आजच्या अल्कलाइन घटांतहि हीच जोडी असते. कयाकवाल्याच्या हातांतील यंत्रांत बहुधा पुन्हां भारतां येणारी लिथियमची बॅटरी असते. परंतु कांहीं यंत्रांना अल्कलाइन घटांची जादा डबी जोडतां येते. संकटसमयीं तीच उपयोगी पडते.

बॅटरी किती तास टिकेल, हें मात्र बोलणाऱ्यावर अवलंबून आहे. समजा, बॅटरी १.८ अँपिअर-तासांची आहे. यंत्र पूर्ण शक्तीनें बोलतांना १.६ अँपिअर, ऐकतांना ०.२ आणि नुसतें जागें असतांना ०.१ अँपिअर ओढतें. शंभर मिनिटांत पांच मिनिटें बोलणें, पांच ऐकणें व नव्वद मिनिटें स्तब्धता, असा रूढ हिशेब धरला तर सरासरी ०.१८ अँपिअर येते व बॅटरी दहा तास पुरते. तेंच बोलणें पंचवीस मिनिटांवर नेलें, तर ती पावणेचार तासांतच संपते!

म्हणून सोबत्यांशीं बोलतांना यंत्र १ वॉटवर ठेवावें. ५ वॉटची शक्ति दूरच्या हांकेसाठीं राखावी. या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात आणि पाण्यालगत बसलेल्या माणसाचें क्षितिज जवळ असतें. त्यामुळें शक्ति वाढवून पल्ला त्या प्रमाणांत वाढत नाहीं. यंत्र उंच धरल्यानें मात्र लाभ होतो. थंडींत बॅटरीची क्षमता घटते, हेंहि ध्यानांत असावें.

प्राणांवर बेतलें असतां १५६.८ मेगाहर्ट्झच्या सोळाव्या मार्गावर ‘मेडे’ हा शब्द तीनदां उच्चारून आपलें नांव, ठिकाण, संकट व माणसांची संख्या सांगावी. त्या एका मिनिटापुरती वीज शिल्लक ठेवणें, हाच या साऱ्या हिशेबाचा हेतु होय.