गाण्यातील ‘मी’ कोणाचा?

मागील घटकात आपण पाहिले की ‘बोलणारा’ ही एकसंध व्यक्ती नसते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने तीत तीन भूमिका वेगळ्या केल्या : शब्द प्रत्यक्ष उच्चारणारा, ते रचणारा आणि त्यांचे उत्तरदायित्व स्वीकारणारा. बातमी निवेदक वाचतो. ती लिहिणारा दुसरा असतो आणि तिची जबाबदारी वृत्तसंस्थेकडे असते. लोकप्रिय संगीतातील अस्सलपणाचा वाद या विभागणीच्या आधारे अधिक नेमकेपणाने तपासता येतो.

‘मिली व्हॅनिली’ या जोडीचे उदाहरण घ्या. रॉब पिलाटस व फॅब मॉर्व्हन यांना फेब्रुवारी १९९० मध्ये सर्वोत्तम नवोदित कलावंत म्हणून ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे जर्मन निर्माते फ्रँक फारियन यांनी कबूल केले की, ध्वनिमुद्रणात या दोघांचा आवाज नव्हताच. पुरस्कार काढून घेण्यात आला. पुढे न्यायालयीन तडजोडीनुसार ग्राहकांना काही रक्कमही परत मिळाली. गाण्यांतील एकही स्वर मात्र बदललेला नव्हता. बदलली होती ती ‘हे कोण गाते आहे’ याविषयीची श्रोत्यांची समजूत. चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस, ब्रॅड हॉवेल या खऱ्या गायकांच्या वाट्याला ते श्रेय तेव्हा आले नव्हते, ही बाब त्या गदारोळात मागे पडली.

आता आपल्याकडील पार्श्वगायन पाहा. ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, तरी येथे कोणी फसवणुकीची तक्रार करीत नाही. कारण हा संकेत प्रेक्षकाला ठाऊक असतो. अर्थात तो आरंभापासून इतका उघड नव्हता. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे, म्हणजे मधुबालाने साकारलेल्या पात्राचे नाव छापले होते. गळा लता मंगेशकर यांचा होता.

छुप्या पाठबळाचा प्रश्नही याच जातीचा आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्या रेडिओ निवेदकांना पैसे देऊन आपली गाणी वाजवून घेत. या प्रथेस ‘पेओला’ म्हणत. श्रोता ती निवेदकाची स्वतःची आवड समजे. प्रत्यक्षात निवेदक केवळ उच्चारक आणि खरी निवड कंपनीची. १९६० च्या कायद्याने निर्बंध घातला तो मुख्यतः लपवण्यावर : पैसे घेऊन गाणे वाजवायचे असेल, तर तसे प्रसारणात जाहीर करावे लागे.

‘कंपनीने घडवलेले गाणे खोटेच’ हे मत मला त्यामुळे उथळ वाटते. संयोजक, वादक, ध्वनिमुद्रक यांच्याविना कोणते गाणे आपल्यापर्यंत पोहोचते?

स्वाध्याय : आपल्या आवडीचे एक चित्रपटगीत व एक जाहिरातगीत निवडा. प्रत्येकाचा उच्चारक, रचनाकार व उत्तरदायी कोण, हे शोधा आणि त्यांपैकी कोणाचे नाव श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही, ते नोंदवा.