एक दिवस, एक लाइन, दोन स्टेशनं : शिकागोच्या उपनगरांची सहल कशी आखावी

उन्हाळा सुरू झाला की आपल्याकडच्या घराघरांत भारतातून आई-बाबा येतात. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. मग शनिवार-रविवारी देऊळ, मॉल, कॉस्टको, एखादी लांबची नायगाराची खेप. आणि सोमवारपासून पुन्हा तेच. मुलं शाळेत किंवा कॅम्पला, आपण कामावर, आणि बाबा खिडकीशी उभे राहून विचारतात, "अरे, तुमच्या इथे माणसं राहतात कुठे? रस्त्यावर तर कुत्रं दिसत नाही."

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्यापैकी बरेच जण जिथे राहतात ती वस्ती मोटारगाडीच्या हिशेबाने वसलेली आहे. ज्याला गाडी चालवता येत नाही, तो तिथे घरातच बसतो. पण शिकागोभोवतीची सगळी उपनगरं अशी नाहीत. मोटारीच्या आधी, रेल्वेच्या काळात वसलेली कितीतरी गावं अजून तशीच चालती-बोलती आहेत. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर दुकानं, बाक, लायब्ररी, बाग. आजच्या भागात अशा गावांची एका दिवसाची सहल कशी आखायची ते पाहू.

आधी नकाशा समजून घेऊ. शिकागोची मेट्रा रेल्वे अकरा मार्गांवर धावते आणि हे मार्ग डाउनटाउनमधल्या चार स्टेशनांतून निघतात : युनियन स्टेशन, ओगिल्व्ही, लासाल स्ट्रीट आणि मिलेनियम. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या जशा मधल्या तुंब्यातून निघतात, तसे हे मार्ग शहरातून बाहेर पसरतात. एका आरीवरून दुसऱ्या आरीवर जायचं तर बहुतेक वेळा मध्यापर्यंत परत यावं लागतं. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. डोंबिवलीहून बोरिवलीला जायचं म्हणजे दादर आलंच.

म्हणून आपला पहिला नियम : एका दिवसात एकच लाइन आणि तिच्यावरची दोनच स्टेशनं. नकाशावर ओक पार्क आणि रिव्हरसाइड अगदी जवळजवळ दिसतात. गाडीने गेलात तर जवळच आहेत. पण ती दोन वेगळ्या लाइनींवर आहेत. रेल्वेने दोन्ही एका दिवसात करायला गेलात, तर अर्धा दिवस फलाटावर जाईल आणि आजींचे गुडघे संध्याकाळी बोलायला लागतील.

आता तीन दिशांच्या तीन सहली सांगते. तुमच्या घरात कोण आहे, ते बघून निवडा.

पहिली सहल पश्चिमेची, ओक पार्क. ज्यांना घरं, इमारती, इतिहास यांत रस आहे त्यांच्यासाठी. डाउनटाउनहून सीटीएची ग्रीन लाइन पकडायची आणि शेवटच्या हार्लेम-लेक स्टेशनवर उतरायचं. तिथे लिफ्ट आहे, म्हणून वयस्कर मंडळी बरोबर असतील तर तिथेच उतरलेलं बरं. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने १८८९ मध्ये स्वतःसाठी बांधलेलं घर या गावात आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांत त्याने आखलेली आणखी बरीच घरं आहेत. ती आतून बघता येत नाहीत, कारण लोक तिथे राहतात. पण फुटपाथवरून बघायला कोणाची हरकत नसते. त्याचं युनिटी टेंपल हे काँक्रीटचं प्रार्थनागृह २०१९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेचा जन्मही १८९९ मध्ये याच गावात झाला आणि ते घर जपून ठेवलेलं आहे. राइटच्या घराचा फेरफटका आधी ऑनलाइन ठरवावा लागतो आणि आत जिने आहेत. आजोबांना जिने झेपत नसतील तर एकाने त्यांच्याबरोबर बागेत बसावं, बाकीच्यांनी आत जाऊन यावं.

ओक पार्कमध्ये मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. पर्सी जूलियन नावाचे एक मोठे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ होते. काचबिंदूवरचं औषध प्रयोगशाळेत तयार करण्याचं आणि सोयाबीनपासून हार्मोन बनवण्याचं त्यांचं काम जगभर गाजलं. १९५० मध्ये त्यांनी ओक पार्कमध्ये घर घेतलं. ते राहायला येण्याआधीच कोणीतरी घराला आग लावण्याचा प्रयत्न केला. १९५१ मध्ये घरावर डायनामाइट टाकलं गेलं. जूलियन कुटुंब हललं नाही, आणि गावातले काही लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे १९६८ मध्ये ओक पार्कने घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्णावरून भेद करायला बंदी घालणारा नियम केला. त्याच वर्षी देशभरासाठीही तसा कायदा झाला. आज गावातली एक शाळा जूलियन यांच्या नावाने आहे.

ही गोष्ट आपल्याला लांबची वाटू देऊ नका. १९६५ च्या कायद्याने भारतातून इथे येण्याचा रस्ता मोकळा झाला. पण आल्यावर हव्या त्या गावात घर घेता येणं, हा त्या पुढचा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी किंमत मोजली. नेपरव्हिल असो की शॉमबर्ग, आपण घराचे कागद सही करून घेतो त्यामागे हेही आहे. मुलांना हे पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या गावातून चालताना ऐकलं की जास्त लक्षात राहतं.

दुसरी सहल नैर्ऋत्येची, बीएनएसएफ लाइनवरची. लहान मुलं असतील तर ही घ्या. युनियन स्टेशनहून साधारण अर्ध्या तासात रिव्हरसाइड येतं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेड आणि वॉक्स या जोडीने १८६९ च्या सुमारास हे गाव कागदावर आखलं. शिकागोचे रस्ते पाटीवर ओढलेल्या रेघांसारखे सरळ, तर इथले डेस प्लेन्स नदीच्या वळणाने वळलेले. रस्त्यावर अजून गॅसचे दिवे आहेत. स्टेशनजवळच १८७१ च्या काळातली पाण्याची जुनी टाकी उभी आहे, आणि नदीकाठी गावाची लायब्ररी आहे. आखणी झाली तरी गावाचं नशीब लगेच फळफळलं नाही. १८७१ ची शिकागोची मोठी आग आणि पाठोपाठ १८७३ ची मंदी यांत गाव वसवणारी कंपनी बुडाली. गाव मात्र आखल्याप्रमाणे हळूहळू भरत गेलं.

रिव्हरसाइडच्या पुढचंच स्टेशन हॉलिवुड. नाव ऐकून मुलं हुरळतील, पण हे आपलं इलिनॉयमधलं. तिथून ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालय चालत जाण्याजोगं आहे. १९३४ मध्ये ते उघडलं तेव्हा पिंजऱ्यांऐवजी खंदक खणून प्राणी मोकळे ठेवण्याची पद्धत अमेरिकेत नवलाची होती. क्रम असा ठेवा : सकाळी मुलं ताजी असताना प्राणिसंग्रहालय, दुपारी रिव्हरसाइडला नदीकाठी सावलीत डबा, आणि मग परतीची गाडी. उलट केलंत तर दुपारच्या उन्हात माकडं सावलीत आणि आपण उन्हात, अशी गत होते. नेपरव्हिल, ऑरोराकडच्या मंडळींना ही सहल आणखी सोपी, कारण ही त्यांचीच लाइन. शहरात जायलाही नको. फक्त आपली गाडी या लहान स्टेशनांवर थांबते ना, हे वेळापत्रकात बघून घ्या.

तिसरी सहल उत्तरेची, तलावाकाठची : एव्हन्स्टन आणि विल्मेट. भारतातून आलेल्या आई-बाबांबरोबर जायचं असेल तर मी पहिली हीच सुचवेन. ओगिल्व्हीहून मेट्राच्या युनियन पॅसिफिक नॉर्थ लाइनने एव्हन्स्टनच्या डेव्हिस स्ट्रीटला उतरा. पॅलटाइनकडून येणाऱ्यांना ओगिल्व्हीपर्यंतही जायला नको. क्लायबॉर्नला गाडी बदलता येते.

एव्हन्स्टनमध्ये १८५१ मध्ये स्थापन झालेलं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. त्याच्या आवारातून तलावाच्या काठाने चालत गेलं की दूर दक्षिणेला शिकागोच्या उंच इमारती दिसतात. पण मराठी माणसाने इथे थांबावं असं एक साधं घर स्टेशनपासून थोड्याच अंतरावर आहे. ते फ्रान्सिस विलर्ड यांचं. दारूबंदी आणि स्त्रियांचे हक्क यांसाठी लढणाऱ्या स्त्रियांच्या मोठ्या संघटनेच्या, म्हणजे वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियनच्या, त्या १८७९ पासून १८९८ पर्यंत अध्यक्ष होत्या. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभासाठी, अमेरिकेत आल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ इथे फिरल्या. त्या काळात विलर्डबाई आणि रमाबाई यांचा परिचय झाला आणि या संघटनेच्या कामाशी रमाबाई जोडल्या गेल्या. परत गेल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. इथल्या स्त्रियांनी संघटना कशा उभ्या केल्या, हे त्यात त्यांनी आपल्या वाचकांना सविस्तर सांगितलं. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, आणि त्याला अमेरिकेतून जमवलेल्या मदतीचा आधार होता. आईला हे घर दाखवताना एवढं सांगितलंत, तर तिला परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल. घर आतून बघायचे दिवस मोजके असतात, ते आधी पाहून ठेवा.

एव्हन्स्टनहून सीटीएची पर्पल लाइन घेतली की चौथं स्टेशन लिंडेन, शेवटचं. हे विल्मेट. तिथून दहाएक मिनिटं चाललं की बहाई पंथाचं पांढरंशुभ्र मंदिर दिसतं. नऊ बाजू, घुमटावर लेससारखं नक्षीकाम, भोवती बागा. १९५३ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. दिल्लीचं लोटस टेंपल याच पंथाचं, त्यामुळे आई-बाबा लगेच ओळखतील. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, कोणत्याही धर्माचा माणूस आत जाऊन बसू शकतो. आत बोलायचं नाही आणि फोटो काढायचे नाहीत, हे मुलांना दारातच सांगून ठेवा.

जागा ठरल्या. आता तयारीचं बोलू, कारण सहल बिघडते ती बहुतेक इथेच.

आधी परतीची गाडी ठरवा, मग जायची. शनिवार-रविवारी मेट्राच्या गाड्या कमी असतात. एक चुकली तर दुसरीला तास-दोन तास लागू शकतात. परतीच्या दोन वेळा कागदावर लिहून घ्या : एक ठरलेली, एक राखीव. सुट्टीच्या दिवशी वेळापत्रक वेगळं असतं, हेही ध्यानात असू द्या. तिकिटं मेट्रा आणि सीटीए दोन्हींची व्हेंट्रा ॲपवर मिळतात. मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी सवलती आहेत, त्यांचे त्या वेळचे नियम निघण्याआधी पाहून घ्या.

मेट्राच्या जुन्या दुमजली डब्यांच्या पायऱ्या उंच असतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर लिफ्ट असलेला डबा कुठे आहे ते फलाटावर कंडक्टरला विचारा. त्यात संकोच कशाला? चालण्याचा हिशेब करताना फोनवर दाखवलेली मिनिटं दुप्पट धरा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी बसायला जागा कुठे आहे ते आधी बघा. लायब्ररी ही सगळ्यात चांगली जागा. बाक, पाणी, स्वच्छतागृह, सगळं फुकट. रविवारी मात्र ती उघडी आहे का, ते पाहा.

डबा कोरडा न्या. थालीपीठ, दशम्या, चटणी, काकडी. सीटीएच्या गाडीत खायला मनाई आहे, म्हणून तो बागेतच उघडायचा. तलावाकाठी घरापेक्षा चांगलंच गार असतं, तेव्हा जुलैतसुद्धा आईसाठी एक स्वेटर आणि बाबांसाठी कानटोपी पिशवीत असू द्या. ती नको नको म्हणतील, तरी असू द्या. औषधं बरोबर. आणि प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात घरचा पत्ता, दोन फोन नंबर आणि परतीच्या स्टेशनचं नाव लिहिलेली चिठ्ठी.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. या सहलीत सगळं काम आपण करू नका. तिकीट बाबांना काढू द्या. फलाटावरचा फलक आईला वाचू द्या. कोणत्या बाजूची गाडी शहराकडे जाते आणि कोणती बाहेर, हे नातवंडांनी आजी-आजोबांना समजावू द्या. ज्यांनी उभी हयात लोकलमध्ये काढली, त्यांना मेट्रा अवघड नाही. इथे आपल्यावाचून हलायचं नाही, असं त्यांनी धरलेलं असतं एवढंच. एकदा बरोबर जाऊन आल्यावर पुढच्या मंगळवारी ती दोघं स्वतःहून एव्हन्स्टनला जाऊन तलावाकाठी बसून येऊ शकतात. आपण त्यांना सकाळी स्टेशनवर सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, बस. सहा महिन्यांच्या मुक्कामात असा आठवड्यातला एक दिवस त्यांचा स्वतःचा असला, तर बाकीचे सहा दिवसही हलके जातात.

तेव्हा मंडळी, या शनिवारी एक लाइन निवडा, दोन स्टेशनं ठरवा, आणि गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये सोडून द्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!