दीडशे रुपयांचं नाक

विज्ञान प्रदर्शनासाठी गॅसगळती ओळखणारा प्रकल्प करायचाय? पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘एमक्यू-२’ सेन्सर मागा. शंभर-दीडशे रुपयांत काम होतं.

त्याच्या जाळीच्या टोपीखाली टिन ऑक्साइडचा थर आणि त्याला तापवणारी बारीक तार असते. स्वच्छ हवेतला ऑक्सिजन तापलेल्या थरावर चिकटून त्यातले इलेक्ट्रॉन अडकवतो, म्हणून विद्युतरोध जास्त असतो. एलपीजी आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घसरतो. आर्डुइनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड नेमकी हीच घसरण वाचतो. ही युक्ती जपानच्या नाओयोशी तागुची यांची, १९६२ सालची.

नवा सेन्सर २४ तास तरी तापत ठेवा, नाहीतर आकडे मनमानी नाचतात. हीटर सुमारे १५० मिलिअँपिअर खातो, तेव्हा तो आर्डुइनोच्या साध्या पिनवर लादू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सेन्सर जमिनीलगत हवा.

दुकानदार ‘एमक्यू-१३५’ कार्बन डायऑक्साइडसाठी म्हणून गळ्यात मारतात. माझं मत विचाराल तर घेऊ नका: तो अमोनिया, अल्कोहोल, धूर सगळ्यांनाच दाद देतो. शेजारी कुणी सॅनिटायझर चोळला तरी प्रदूषण वाढल्याचं सांगेल!